मधल्या खोलीचं पाणी

रंगाच्या कारखान्याची आग विझली, पण विझवायला मारलेलं पाणी आवारातल्या खड्ड्यात साठलं. त्यावर फेस असा दाटला होता, की काठ कुठे संपतो ते कळेना. पाणी तपासायला आलेली ती नमुन्याच्या बाटल्या सांभाळत चालली होती, तोच कुणीतरी बाही धरून तिला मागे ओढलं.

"मॅडम, पुढे जमीन नाही," पंप चालवणारा तो म्हणाला. "बाटल्या मी भरतो. तुम्ही नुसतं रागवा."

ती रागावलीच... पण त्या दिवसापासून तोच बाटल्या भरू लागला. दोरीला गाठ होती; गाठ पाण्याला टेकली की बाटली बरोबर खड्ड्याच्या मधल्या खोलीवर पोचायची. किती तुरटीने पाणी निवळतं ते बघायला तंबूत ती सहा बीकरांत कमी-जास्त तुरटी घालून ढवळायची आणि गाळ बसेपर्यंत तो दारात रेंगाळायचा. एवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरतात, असं एकदा बोलून गेला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

पाणी निवळलं की ते सोडून द्यायचं, आणि त्याची टोळी पंप उचलून पुढच्या गावी. घरी तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. जेवता जेवता उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. आईने विचारलंच, पायाला भिंगरी लागली आहे का म्हणून.

दहाव्या दिवशी निकाल बिघडला. अकराव्या दिवशीही. खड्डा रिकामा होईपर्यंत खालच्या वस्तीच्या विहिरी बंद होत्या. तिथल्या बायका फाटकाशी येऊन विचारून गेल्या. तिने बाटली उजेडात धरली. बुडाशी काळा, रवाळ चिखल... मधल्या पाण्यात तो कुठून येणार? ती स्वतः काठावर गेली, गाठीपर्यंत दोरी सोडली. पाणी नितळ निघालं.

"तुम्ही दोरी किती सोडली होती?"

"पार तळापर्यंत." त्याने मान खाली घातली. "एक दिवस वाढावा म्हणून... मग अजून एक."

तिला राग आला. आणि त्या रागाच्या आत काहीतरी इतकं सुखावलं, की ती स्वतःवरच चिडली. बायका लांबून हंडे वाहतायत, एवढंच ती म्हणाली.  तो खड्ड्याचं पाणी सोडायच्या झडपेकडे निघाला.

तिने पाणी सोडायच्या परवानगीच्या कागदावर सही केली आणि त्याच्या मागोमाग गेली.

"रविवारी सुट्टी असते ना?" तिने विचारलं. "मग भेटायचं असेल तर सरळ घरी यायचं. पाणी गढूळ करून नाही."

"आणि काम लांबच्या गावी असलं तर?"

"तर लवकर निघायचं."

झडपेचं चाक घट्ट बसलं होतं. तिने बाह्या सावरल्या, त्याच्या हातांशेजारी हात लावले... आणि दोघांनी मिळून ते फिरवलं.