सहा सोन्याचे दात

"आपा, आत्ताच्या आत्ता या! आपल्या रोबियाला कोंडून ठेवलंय!"

सोबतिणीचा फोन येताच आयदिनआपा चहा तसाच टाकून निघाल्या. ओश शहरातलं त्यांचं महिला मंडळ बायकांच्या मयती धुण्याचं काम करायचं. म्हाताऱ्या हासियतआया वारल्या होत्या; आज रोबिया त्यांना आंघोळ घालायला गेली होती.

अंगणात नुसता आरडाओरडा. शेवटचं तोंड पाहताना आयांच्या बहिणीला, खालांना, दिसलं की आयांचे सहाही सोन्याचे दात गायब.

"या चोरट्या बायकांनीच उपटले!" आयांचा मुलगा तोलिबजान गरजला. "आता मोहल्ल्यात एक दार उघडणार नाही तुम्हाला!"

तसं झालं तर ज्यांना कुणी नाही, त्या बायकांना शेवटची आंघोळ कोण घालणार? आपांनी राग गिळला आणि आधी रोबियाला खोलीतून बाहेर आणवलं.

"रोबिया, तोंड पुसताना काय दिसलं?"

"दात नव्हतेच, आपा."

"मग बोलली का नाहीस?"

"मयतीचं पाहिलेलं बाहेर सांगायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना?"

आपा तोलिबजानकडे वळल्या. "जबड्याला पट्टी कुणी बांधली?"

"मीच. जीव गेल्या गेल्या."

"तेव्हा दात होते?"

"सगळे होते!"

"घरात खाला असताना आंघोळीला आम्हाला का बोलावलंस?"

"ती रडून कोसळली असती."

"मी कशाला कोसळतेय!" खाला फणकारल्या. "आठवडाभर ताई बेशुद्ध होती. तिच्याजवळ फिरकू दिलं नाहीस मला. एकटाच बसायचास!"

आपांनी उतरवलेले कपडे मागवले. त्यात पट्टी होती, वाळलेल्या रक्ताने कडक झालेली.

"ही पट्टी रोबियाने पाणी घालण्याआधी सोडली," त्या म्हणाल्या. "म्हणजे रक्त त्याआधीचं. मेलेल्याला असं भळाभळा रक्त येत नाही. दात आयांच्या जिवंतपणीच, शेवटच्या घटकेला उपटले, तोंडात साचलेलं रक्त पट्टीत मुरलं, आणि जवळ हा एकटाच होता. खालांनी ते तोंड पाहिलं असतं तर गाव गोळा केला असता. आमच्या बायका पाहिलेलं बोलत नाहीत, हे याला पक्कं ठाऊक. आमच्या अदबीआड लपलास होय रे? थू तुझ्या जिण्यावर!"

तोलिबजानचा चेहरा उतरला. "तिला कुठे काही कळत होतं? ती शुद्धीतच नव्हती!"

"कळत होतं," रोबिया पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "आंघोळ घालताना मुठी सोडवल्या मी. तळव्यांत त्यांचीच नखं रुतली होती."

बाहेर पुरुष जनाजा उचलायला थांबले होते. तोलिबजान पुढे झाला, तशा खाला आडव्या आल्या.

"तू खांदा द्यायचा नाहीस," त्या म्हणाल्या.

जनाजा त्याच्याशिवाय निघाला.