नोएमीची तपासलेली गोळी

"माझ्या मुलीला शेंगदाणा कोणी दिला ते शोधा. पुढचं मी बघतो."

हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एमिल लाशान्स आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून एवढंच बोलला. त्याची सहा वर्षांची नोएमी सडबरीच्या इस्पितळात होती. श्वासाची नळी निघाली होती, पण ती अजून बोलत नव्हती. आई तिच्याजवळ होती. शेंगदाण्याच्या कणानेही तिचा गळा सुजतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्याने बोलावलेली रूथ सावचक पूर्वी विम्याच्या दाव्यांची चौकशी करायची, आता खासगी कामं घ्यायची. तिचा जोडीदार बर्जेस गाडी चालवायचा आणि मत लगेच बनवायचा.

हॅलोविनला मुलं सोंग घेऊन दारोदार खाऊ मागतात; टेबलावर नोएमीने काल जमवलेली गोळ्या-चॉकलेटं तशीच पसरली होती. एमिलने घरचा नियम सांगितला. तो फाटकापाशी थांबायचा, नोएमी दारं वाजवायची. घरी येईपर्यंत काही खायचं नाही. मग तो पिशवी ओतून शेंगदाण्याचं सगळं एका भांड्यात वेगळं काढायचा. काल त्याने तिला फळाची एक गोळी दिली. ती तोंडात जाताच खोकला सुरू झाला. गोळीच्या घाईत तिने सोंगाचा पोशाखही उतरवला नव्हता. तो खेकड्याचा पोशाख आता खुर्चीवर पडला होता. बाह्यांच्या टोकांना कापसाने भरलेल्या नांग्या घट्ट शिवलेल्या होत्या.

भांड्याशेजारी, आतल्या चॉकलेटांना होते तसलेच, रिकामे तपकिरी कागद होते.

"बापाचा कर," बर्जेस म्हणाला. "मीही वसूल करायचो. तपासता तपासता निम्मं पोटात."

रूथने पिशवीत हात घातला. तळाशी एक पेन्सिल निघाली.

समोरच्या वेंडेल प्राउझच्या दारावर कोणीतरी अंडी फोडली होती; गल्लीचा संशय त्याच्यावर होता. हा म्हातारा एकटा राहायचा आणि दरवर्षी घरी वळलेले लाह्यांचे लाडू वाटायचा. नोएमीला लाडू नाही, पेन्सिल दिली, असं त्याने सांगितलं.

"पोलीस येणार असतील तर सांगा," तो म्हणाला. "जॅकेट घालून बसतो."

कोपऱ्यावरच्या ग्लेंडा वॉशबर्नने फळाच्या गोळ्या वाटल्या होत्या. तिने खोका दाखवला. शेंगदाणा जिथे येतच नाही, अशा कारखान्यातला माल. नोएमीसाठी मुद्दाम आणलेला.

"म्हणजे म्हातारा खोटं बोलतोय," परतताना बर्जेस म्हणाला.

रूथ एमिलसमोर बसली.

"वेंडेलने पेन्सिलच दिली, ती पिशवीत आहे. वाटेत काही खाल्लं असतं तर त्रास वाटेतच झाला असता. तो झाला घरी, गोळी खाल्ल्यावर. पण ती गोळी बंद वेष्टनात आली होती आणि तिच्यात शेंगदाणा नव्हता. म्हणजे वेष्टन सुटल्यावर लागला. त्या नांग्यांनी कागद सुटत नाही. कोणी सोडला?"

"मी."

"त्याआधी काय खाल्लं होतंत?"

एमिलने तपकिरी कागदांकडे पाहिलं. बर्जेसने टेबलावरचा हात काढून घेतला.

"मी एकेक गोळी दिव्याखाली धरून बघितली," एमिल म्हणाला.

"हो. त्याच बोटांनी कागद सोडलात."

एमिल उठला. रस्ता ओलांडून त्याने वेंडेलला सांगितलं, चूक आपलीच होती. वेंडेल म्हणाला, बरं.

दुपारी इस्पितळात नोएमी बोलली. तिला पप्पा हवे होते. एमिलला पाहताच तिने दोन्ही हात पुढे केले. तो दारातच थांबला आणि त्याने नर्सला विचारलं, हात कुठे धुवायचे.