पाणबुड्याचा पुसलेला स्कोर

देवेशचं पत्र जुलैपासून प्रबुद्धच्या भूगोलाच्या पुस्तकात पडून होतं. नाताळची सुट्टी लागली तरी त्याला उत्तर गेलं नव्हतं.

पत्र काही मोठं नव्हतं. देवेश जूनमध्ये साताऱ्याकडच्या एका निवासी शाळेत गेला होता. तिथे मोबाइल चालत नसे, म्हणून चांगलं दोन पानी पत्र. जेवण कसं, झोपायच्या खोलीत घोरतं कोण, सगळं लिहून शेवटी त्याने विचारलं होतं, 'पाणबुड्यात माझं नाव अजून पहिल्या ओळीत आहे ना रे? कोणी रेकॉर्ड मोडलं तर कळव. तू मोडलंस तर सगळ्यात आधी कळव!'

खरं तर अख्ख्या समता सोसायटीत पत्र लिहायला प्रबुद्धइतका लायक मुलगा दुसरा नव्हता. दिवसभर पुस्तकात डोकं, निबंधात कायम पहिला. बोलायची वेळ आली की मात्र घशात काहीतरी अडकायचं. त्याला उत्तरात फक्त एकच वाक्य लिहायचं होतं, 'मी मोडलं.' म्हणून तो थांबला. आधी गणपतीपर्यंत, मग दिवाळीपर्यंत. आणि दिवाळीनंतर असं काही घडायला लागलं, की लिहावं तरी काय, हेच त्याला कळेना.

"मेला! परत मेला!" निहार कानाशी ओरडला.

"ओरडू नको ना! तुझ्यामुळे मेला!" प्रबुद्धने दांड्यावर थाप मारली. पडद्यावरचा पिवळा पाणबुड्या पाय वर करून तरंगायला लागला. चौथ्या गुहेतल्या माशाने त्याला आजही गिळलं होतं.

घाटकोपरच्या पंतनगरमधल्या या सोसायटीच्या हॉलमध्ये, कॅरमबोर्डाच्या शेजारी ते मशीन उभं होतं. कपाटाएवढं लाकडी खोकं, वर जाड काचेचा पडदा, खाली एक दांडा आणि दोन बटणं. धोंडिरामकाकांचं वाकोल्याला व्हिडिओ गेमचं दुकान होतं तेव्हाचं. दुकान बंद झालं, बाकीची मशीनं गेली, हे एवढं त्यांनी सोसायटीला देऊन टाकलं. आता त्यात नाणंही टाकावं लागत नसे. खेळाचं खरं नाव केव्हाच पुसलं गेलं होतं. समुद्रात उतरायचं, मोती गोळा करायचे, आठ पायांच्या राक्षसाला चुकवायचं, म्हणून सगळे त्याला 'पाणबुड्या' म्हणत.

"तीनच लाइफ? आणि सेव्हच होत नाही?" पाचवीतला निहार रोज हेच विचारायचा. "मेलं की पहिल्यापासून? काय फालतू गेम आहे यार!"

"फालतू तू! तुझ्या टॅबवर काय, मेलं की जाहिरात बघायची, परत जिवंत!" श्रुतिका म्हणाली. ती प्रबुद्धच्याच वर्गात होती आणि तिचा आवाज तीन बिल्डिंगींना पुरायचा. "इथे खरं खरं मरावं लागतं."

सेव्ह होत नसे हे खरं, पण पहिल्या दहा जणांची नावं मात्र मशीन लक्षात ठेवायचं. इंग्रजी तीन अक्षरं आणि पुढे आकडा. अट एकच होती. मशीन कधी बंद करायचं नाही! आतली स्मरणाची बॅटरी गळून गेली होती, ती धोंडिरामकाकांनी काढून टाकली होती. आता वीज आहे तोवर नावं आहेत. म्हणून त्यांनी भिंतीवर लाल रंगाने ठळक लिहिलं होतं, 'हे बटण बंद करू नये.' घाटकोपरला लाइट सहसा जात नाही. त्यामुळे मे महिन्यात देवेशने केलेले एकसष्ट हजार चारशे दिवाळीपर्यंत दिमाखात पहिल्या ओळीत होते.

आणि दिवाळीनंतर एके दिवशी ते गायब! दहाच्या दहा ओळी कोऱ्या. तेव्हापासून हे दर दोन-तीन दिवसांनी व्हायला लागलं. प्रबुद्धने जीव काढून पंचेचाळीस हजार करावेत, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता हॉल उघडला की पाटी साफ!

"देवेशला सांग ना, पुसलं गेलं म्हणून," श्रुतिका म्हणायची.

"त्याला वाटेल मीच पुसलं. मला मोडता येईना म्हणून."

"तुला ना, दुसऱ्यांच्या डोक्यात काय चाललंय ते फार दिसतं!"

त्या शुक्रवारी हॉलच्या दारावर सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाकांची नवी नोटीस लागली. 'हॉलमधील जुने गेम मशीन वारंवार आपोआप बंद पडते. सबब येत्या रविवारी ते भंगारात देण्यात येईल.' तिच्या शेजारी त्यांच्याच सहीची जुनी नोटीस होती. 'सोसायटीच्या विजेवर वाहने चार्ज करू नयेत.' आणि तिच्या शेजारी, 'हॉल दुपारी दोन ते चार बंद राहील. मुलांनी गोंगाट करू नये.' चंद्रप्रकाशकाकांना नोटिसा लावायचा मोठा नाद होता.

तिघं धावत धोंडिरामकाकांकडे गेली. काका गॅलरीत लसूण सोलत बसले होते.

"जाऊ दे रे," ते म्हणाले. "म्हातारं झालं ते. मी पण आता जिना चढताना मधेच बंद पडतो."

"पण काका, बिघडलं असतं तर खेळताना बंद पडलं असतं ना!" प्रबुद्ध म्हणाला. म्हणजे, म्हणायला गेला. 'पण काका' एवढंच बाहेर आलं.

"काय?"

"काही नाही."

जिना उतरताना त्याला स्वतःचाच राग आला. श्रुतिका तर भडकलीच होती. "मोठ्या माणसांना काही पडलेलंच नाही! काकांनासुद्धा नाही!"

चार वाजता हॉल उघडला. तिघं आत शिरली. पाटी पुन्हा कोरी.

"वाट लागली!" निहार म्हणाला. "आणि मनी कुठेय?"

मनी म्हणजे सोसायटीची मांजर. थंडी पडल्यापासून तिचा मुक्काम मशीनच्या डोक्यावर असे, कारण मशीन चोवीस तास चालू आणि कायम ऊबदार. आज ती कॅरमच्या स्टुलावर अंग आक्रसून बसली होती. प्रबुद्ध तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मशीनच्या काचेला हात लावला.

"गार आहे," तो म्हणाला.

"मग?"

"काच गार आहे! बंद पडून लगेच चालू झालं असतं तर गरम असती. हे बराच वेळ बंद होतं. आत्ताच कोणीतरी चालू केलंय." या दोघांसमोर त्याचा घसा कधी अडत नसे.

श्रुतिकाने शीळ घातली. "आणि दोन ते चार हॉलला कुलूप! किल्ली कोणाकडे?"

"चंद्रप्रकाशकाका!" निहार किंचाळला. श्रुतिकाने त्याचं तोंड दाबलं.

पण ते मशीन बंद कशाला करतील? आणि कुलूपबंद हॉलमध्ये काय चालतं ते बाहेरून कळणार कसं? खिडक्या उंच, काचा धुरकट. शनिवारी सकाळभर तिघांनी डोकं खाजवलं. निहार म्हणाला, मी कॅरमखाली लपतो. श्रुतिका म्हणाली, तू तिथे पाच मिनिटांत चिप्सचा पुडा उघडशील. शेवटी प्रबुद्धला सुचलं. कोणी खेळत नसलं की मशीन मधून मधून आपली धून वाजवायचं, टिडिंग टिडिंग टिंग. वरच्या मजल्यावरच्या अध्यक्ष सुलक्षणाआजी ओरडायच्या म्हणून धोंडिरामकाकांनी आवाज अगदी बारीक ठेवला होता. आवाजाची खुंटी मागच्या बाजूला होती.

दोनला पाच कमी असताना श्रुतिकाने खुंटी पूर्ण फिरवली, आणि तिघं बाहेर बॅडमिंटनच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

टिडिंग टिडिंग टिंग! भिंतीतून, जाळीतून धून स्पष्ट ऐकू येत होती. मशीन चालू.

चंद्रप्रकाशकाका आले. हातात जडशी रेक्झिनची पिशवी, एका खांद्याने वाकलेले. "काय रे, दुपारी इथे काय? घरी जा, अभ्यास करा!" असं म्हणत त्यांनी हॉल उघडला, आत गेले, बाहेर आले, कुलूप लावलं आणि जांभई देत वर गेले. पिशवी आतच राहिली होती.

तिघं कान लावून बसली. धून वाजायची वेळ झाली. शांतता. पुन्हा वेळ झाली. तरी शांतता.

"बंद केलं!" श्रुतिका दात ओठ खात म्हणाली. "पण पिशवीत काय होतं?"

प्रबुद्ध उठून पार्किंगकडे गेला. चंद्रप्रकाशकाकांची नवी इलेक्ट्रिक स्कूटर तिथे उभी होती. सीटचं झाकण नीट न लावल्याने वर उचललेलं होतं आणि आतला खण रिकामा होता.

"ही स्कूटर कधी घेतली त्यांनी?" त्याने विचारलं.

"पाडव्याला. पेढे नाही का वाटले?" निहारला खाण्याचं सगळं आठवे.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवाळीचा पाडवा! बॅटरी काढून हॉलमध्ये न्यायची, मशीनचा प्लग काढायचा, आपला चार्जर लावायचा आणि चारच्या आत सगळं जागच्या जागी. आणि नोटीस कोणाची, तर यांचीच!

"चल, सुलक्षणाआजींना सांगू," निहार म्हणाला.

"त्या विचारतील, बघितलंस का? आपण कुठे बघितलंय?" श्रुतिका वैतागली. "काका म्हणणार, पोरं काहीही बोलतात. मिटलं!"

"काकांनाच सांगायला लावू," प्रबुद्ध हळूच म्हणाला. "श्रुतिका, तू आजींना कसंही करून गॅलरीत आण. निहार, तू खालून काकांना हाक मार."

श्रुतिका पळाली. थोड्या वेळाने पहिल्या मजल्यावरून आजींचा आवाज आला, "अगं, दुपारची झोप मोडून कसला पक्षी दाखवतेस मला?" आजी गॅलरीत आल्या होत्या. निहारने हाक मारायला तोंड उघडलं, आणि उचकी लागली! भरभर चिप्स खाल्ले की त्याला लागायचीच.

"काक... हिक्! काक..."

"कुठेय पक्षी?" आजी वळायला लागल्या. श्रुतिका वरून हातवारे करत होती.

आता हाक मारायला प्रबुद्धच उरला होता. मशीन उद्या भंगारात. मग कुठली पहिली ओळ आणि कसलं उत्तर? त्याने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीच्या मधोमध उभं राहून तो ओरडला,

"चंद्रप्रकाशकाका! तुमच्या स्कूटरमध्ये बॅटरीच नाहीये!"

आवाज मधेच फाटला, पण पोचला. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बनियन घातलेले काका डोळे चोळत आले.

"ओरडतोस काय रे? असू दे!"

"असू दे काय काका! खण रिकामा आहे! चोरीला गेली असेल तर?"

"अरे, चोरीला कशी जाईल? हॉलमध्ये चार्जिंगला लावलीय मीच!"

एका मजल्याखालून सुलक्षणाआजींनी मान वर केली.

"काय म्हणालात, सेक्रेटरी?"

काकांचा हात तोंडावर गेला, पण उशीर झाला होता.

दहा मिनिटांत हॉल उघडला गेला. 'हे बटण बंद करू नये' या लाल अक्षरांच्या बरोबर खाली मशीनचा प्लग लोंबकळत होता, आणि त्याच्या जागी चार्जर घोंघावत होता. मनी चार्जरला टेकून गाढ झोपली होती.

"पण मी परत लावतो की प्लग!" चंद्रप्रकाशकाका म्हणाले. "नावं पुसतात हे मला काय ठाऊक? मला वाटलं मशीनच बिघडलंय."

"तुम्ही बंद करता, आणि वर बंद पडतं म्हणून नोटीस लावता?" आजी कडाडल्या. "आधी ती भंगाराची नोटीस काढा. मग चार्जिंगच्या नोटिशीखाली नियम मोडणारा म्हणून स्वतःचं नाव लिहा!"

धोंडिरामकाका लसणाचे हात पुसत आले होते. ते मशीनला पाठीवर थोपटावं तसं थोपटत म्हणाले, "मीसुद्धा याला म्हातारं म्हणून सोडून दिलं होतं रे. तुम्ही नाही सोडलंत. शाबास!"

"आणि हा मुलगा!" आजींनी प्रबुद्धच्या खांद्यावर हात ठेवला. "याला आवाज आहे हे मला आज कळलं. छान वापरलास हो."

प्रबुद्धचे कान लाल झाले. "कल्पना... म्हणजे... मांजरीची," तो पुटपुटला.

मशीन चालू झालं. आजींच्या हुकमाने पहिला डाव चंद्रप्रकाशकाका खेळले आणि पहिल्याच राक्षसाने त्यांचा फडशा पाडला. निहार इतका हसला की उचकीच गेली. मग प्रबुद्ध उभा राहिला. पहिली गुहा, दुसरी, तिसरी. चौथीतला मासाही त्याने चुकवला. सगळे श्वास रोखून बघत होते. अठ्ठावन्न हजार... आणि पाचव्या गुहेच्या तोंडाशी राक्षसाचा पाय!

"श्या!" प्रबुद्धने कपाळावर हात मारला. "थोडक्यात! परत थोडक्यात!"

"अरे, पहिल्या ओळीत आलास तू!" श्रुतिका म्हणाली.

"देवेशचे एकसष्ट होते."

धोंडिरामकाकांनी ते ऐकलं. ते घरी गेले आणि लाल रंगाचा डबा घेऊन आले. "एकसष्ट हजार किती?"

"चारशे."

मशीनच्या लाकडी अंगावर त्यांनी सावकाश लिहिलं, 'देवेश, ६१,४००.' "आता काढा म्हणावं प्लग! आणि वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही!"

त्या संध्याकाळी प्रबुद्धने भूगोलाचं पुस्तक उघडलं. 'मी मोडलं' हे वाक्य आजही त्याच्याजवळ नव्हतं. तरी त्याने लिहिलं.

'देवेश, तुझं नाव पडद्यावरून पुसलं गेलं. मी पुसलं नाही, आणि मोडलंही नाही. मोडलं असं लिहायचं होतं म्हणून इतके महिने लिहिलंच नाही. पुसणाऱ्याला मात्र आम्ही पकडलं, ती गंमत मागच्या पानावर. तुझा आकडा आता लाकडावर आहे. माझे अठ्ठावन्न झाले. मे महिन्यात ये. आणि घोरणाऱ्याचं काय झालं?'

तिघं मिळून पोस्टापर्यंत गेली. प्रबुद्धने लाल पेटीच्या तोंडात पाकीट धरलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि सोडलं. आत कुठेतरी ते टप्पकन पडलं.

निहारने पेटीच्या फटीला डोळा लावला.

"सेव्ह झालं का रे?"

"झालं," प्रबुद्ध म्हणाला.