आत्याची गाडी पाचच्या आत

“घुर्र... घुर्र... घुर्र... घुर्र...” आणि गप्प!

“अजून एकदा मारा ना स्टार्टर, उस्ताद!” भिंगरी जागच्या जागी उड्या मारत मेकॅनिकला ओरडून म्हणाली.

“मारून मारून बॅटरी झोपेल ना, ताई! गाडी ओव्हर झालीय. पेट्रोल जास्त गेलंय. आता थांबायचं जरा.”

थांबायचं! नेमकं हेच भिंगरीला जमत नसे. त्यातून आज साडेतीन वाजून गेले होते. पाचला जुन्या गाड्यांचा दलाल ट्रक घेऊन येणार होता, आणि सहाला आत्या दवाखान्यातून सुटणार होती. तीन दिवसांपूर्वी गाडी अचानक बंद पडली, तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनला जाता जाता आत्याने सगळ्यांना बजावलं होतं, “चालू असेल तरच गाडी ठेवा. बंद गाडी दारात बघायला मला जमणार नाही. देऊन टाका, पण मी यायच्या आत.”

चाळीस वर्षं ती गाडी आत्याने एकटीने चालवली होती. भिंगरी तासन्‌तास गप्प बसू शके अशी जगात एकच जागा होती, ती म्हणजे आत्याच्या शेजारची सीट. ती सीट आज ट्रकवर चढून जाणार होती. भिंगरी गॅरेजच्या दारापासून गेटपर्यंत आणि गेटपासून दारापर्यंत नुसती येरझारा घालत होती.

“ए, बस ना एका जागी! मला वाचता येत नाहीये,” मास्तर वैतागला. मास्तर म्हणजे काकांचा मुलगा, वय वर्षं चौदा. हातात पुस्तक नसेल तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं. आत्ता तो गाडीचंच जुनं माहितीपुस्तक मांडीवर घेऊन बसला होता.

भिंगरीचा धाकटा भाऊ लिंबू मात्र उस्तादांच्या मागे मागे होता. उस्तादांनी इंजिनमध्ये ठिणगी पाडणारा एक प्लग काढून फडक्यावर ठेवला. लिंबूने तो उचलला, नाकाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

“याला पेट्रोलचा वासच नाही! कोरडा ठणठणीत आहे!”

“ठेव तो खाली!” काका खेकसले.

“पण उस्ताद म्हणाले ना, पेट्रोल जास्त गेलंय? मग हा ओला का नाही?”

उस्तादांनी प्लग हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. दुसराही काढून बघितला. तोही तसाच!

“मग कॉम्प्युटर गेला,” ते म्हणाले. “सीटखाली पेटी आहे ना, ती. तीच इंजेक्टरना पेट्रोल सोडायला सांगते. आता कुठे मिळायची नाही. विषय संपला, साहेब.”

“मी म्हणतच होतो!” काका चटकन म्हणाले. तीन दिवसांपासून ते असे विचित्रच वागत होते. कोणी गाडीचं नाव काढलं की त्यांना फोन तरी यायचा, नाहीतर तहान तरी लागायची. आत्ताही ते पाणी प्यायला आत गेले आणि उस्ताद हत्यारं गोळा करू लागले.

“असं कसं संपला?” भिंगरी मास्तरपुढे जाऊन आदळली. “तू काहीतरी बोल ना!”

मास्तरने चष्मा वर सरकवला. “हे बघ. ठिणगी पडते, ती उस्तादांनी कालच दाखवली. मागचा पंप गुणगुणतो आणि पुढच्या नळीत पेट्रोल येतं, तेही पाहिलं. तरी प्लग कोरडे. म्हणजे पेट्रोल दारापर्यंत येतंय आणि दार उघडत नाहीये. दार म्हणजे हे चार इंजेक्टर. उघडले की प्रत्येक जण टिकटिक करतो, असं इथे लिहिलंय.”

भिंगरी वाऱ्यासारखी स्वयंपाकघरात गेली आणि लांब लाकडी दांड्याचा चमचा घेऊन आली. “उस्ताद, एकदाच! फक्त एकदाच स्टार्टर मारा. मग मी तुम्हाला कध्धीच त्रास देणार नाही!”

“हे कोणाला पटेल?” उस्ताद हसले, पण सीटवर बसले. “वेणी आत खोच आणि पंख्यापासून लांब राहा.”

भिंगरीने दांड्याचं एक टोक पहिल्या इंजेक्टरला लावलं आणि दुसरं कानाला. श्वाससुद्धा रोखला! घुर्र घुर्र ऐकू आलं, टिकटिक नाही. दुसरा, तिसरा, चौथा... चारही मुके!

“चौघेही एकदम संपावर?” ती म्हणाली. “एखादा बिघडेल, चौघे कसे बिघडतील? चौघांचं मिळून काहीतरी एकच असणार!”

“कॉम्प्युटरच तो,” उस्ताद म्हणाले.

“आणि ही वायर?” मास्तरने पुस्तकातल्या वायरींच्या नकाशावर बोट ठेवलं. “चारही इंजेक्टरचं अर्थिंग एकाच जागी दिलंय, इंजिनच्या मागच्या बोल्टवर. तिथे लोखंडाला लोखंड भिडलं नाही, तर वीज परतच जाणार नाही!”

उस्ताद काही बोलणार, तेवढ्यात गेटबाहेर भोंगा वाजला. ट्रक! साडेचारलाच!

“लवकर आटपा, पुढे अजून एक गाडी उचलायचीय,” दलाल दोर घेऊन आत आला. काकाही बाहेर आले आणि घाईघाईने चावी शोधू लागले.

“खट्! खट्! खट्! खट्!”

सगळे वळून बघतात तो काय! लिंबू गाडीत बसला होता. चारही दारं आतून बंद, चावी त्याच्या मुठीत.

“मी आत आहे!” काचेला नाक चिकटवून तो ओरडला. “मलापण विकलं का?”

“अरे, उघड!” काकांनी काच ठोठावली.

“ताई सांगेल तेव्हा!”

दलाल कपाळाला हात लावून ट्रकच्या पायरीवर बसला. तेवढ्या वेळात भिंगरीने आपला बारीक हात इंजिनच्या मागे घातला. वायरींवरून बोटं सरकवत सरकवत ती बोल्टपर्यंत पोचली. “सापडला! पण हा गुळगुळीत लागतोय. विजेरी दे!”

उजेडात बोल्ट चकाकला. बोल्ट, त्याखालच्या वायरींच्या चकत्या, सगळंच रुपेरी. बॉनेटखालच्या फटीतून बघणाऱ्या लिंबूने न राहवून काच चार बोटं खाली केली.

“हा तर आपल्या गेटचा रंग!”

सगळ्यांच्या नजरा गेटकडे गेल्या, आणि तिथून काकांकडे.

“साहेब,” उस्ताद सावकाश म्हणाले, “गाडी बंद पडायच्या आधी काय केलं होतं?”

“काही नाही! जरा स्वच्छ...” काकांनी गेटकडे पाठ फिरवली. “म्हणजे, ऑपरेशनच्या आधी ताईला बरं वाटावं म्हणून. सगळं खोलून, नीट पुसून... दोन हात दिले रंगाचे. डबा उरला होता.”

“आणि माझ्यापासून लपवलंत?”

“तुम्ही हसला असतात!”

“मग आता काय रडू?”

उस्तादांनी वायर जोडलेला छोटा दिवा काढला. एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, दुसरं चकतीवरचा रंग जरासा खरवडून तिला टेकवलं. अंधार! तेच टोक इंजिनच्या एका कोऱ्या, न रंगवलेल्या कडेला टेकवलं, आणि लख्ख उजेड!

“घ्या! वायर इंजिनला भिडलेलीच नाही. मध्ये गेटचा रंग!” उस्तादांनी जीभ चावली. “स्टार्टरच्या अर्थिंगची जाड पट्टी खाली गिअरबॉक्सला आहे. तिथवर साहेबांचा ब्रश पोचला नाही, म्हणून तो फिरत होता. आणि मी शहाणा कॉम्प्युटरला नावं ठेवत बसलो.”

मग एकच धांदल उडाली! मास्तरने बॅटरीची वायर काढली, उस्तादांनी बोल्ट सोडवला, भिंगरीने पॉलिश पेपरने चकत्या घासायला घेतल्या. घासून घासून तिची बोटं लाल झाली, पण खालचा धातू उघडा पडेपर्यंत ती थांबली नाही. काका मान खाली घालून विजेरी धरून उभे होते. बोल्ट पुन्हा आवळला, बॅटरी जोडली, लिंबूने दार उघडलं.

“तूच सांग, कधी मारू?” काकांनी चावी हातात घेऊन भिंगरीला विचारलं.

“आत्ता!”

घुर्र... घुर्र... आणि धडधडत, खोकत, धूर सोडत इंजिन जागं झालं! भिंगरीने दांडा इंजेक्टरला लावला. टिकटिक टिकटिक टिकटिक! तिला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदमच आलं.

“फुकट खेप!” असं पुटपुटत दलालाने दोर गुंडाळला.

दवाखान्याच्या दारात आत्या चाकाच्या खुर्चीत बसली होती. गाडी वळणावर दिसायच्या आधीच तिची मान वर झाली. गाडी तिच्या खुर्चीपाशी येऊन थांबली. ती बॉनेटवरून हात फिरवत राहिली.

“मी तर निरोप घेऊन टाकला होता हिचा,” शेवटी ती म्हणाली. “कोणी केली चालू?”

“या तिघांनी, ताई,” काका पुढे झाले. “आणि बंद मी केली होती.”

त्यांनी सगळं सांगितलं, डब्यासकट. आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“वेडा रे वेडा! लपवलंस कशाला? चाळीस वर्षांत जे कोणत्याच मेकॅनिकने केलं नाही, ते तू एका ब्रशने केलंस!” मग तिने तिघांना जवळ ओढलं. “आणि तुम्ही, पोरांनो... मोठी माणसं उत्तरं देत बसली, प्रश्न तुम्ही विचारलेत. शाबास!”

“डॉक्टर म्हणालेत, तीन महिने गाडी चालवायची नाही,” मास्तरने आठवण करून दिली.

“मग तीन महिने बॉनेट उघडून शिकवते. उद्या सकाळी सातला, तिघांनीही हजर राहायचं.” आत्याने काकांकडे बघितलं. “चौघांनी!”

“हो, ताई,” काका निमूटपणे म्हणाले आणि तिच्यासाठी दार उघडून उभे राहिले.