जमिनीचाच आवाज

वारंगा फाट्यावर मी प्रियदर्शनीताईला घ्यायला गेले तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. ताई नांदेडकडून येणाऱ्या एसटीतून उतरली. पाठीवर भली मोठी सॅक, हातात रेकॉर्डर. शहरातल्या एका संस्थेत ती संशोधन करते. भूकंप, पूर असलं काही आलं तर गावं आधी काय तयारी ठेवतात आणि नंतर कशी वागतात, हा तिचा विषय. मला तिनं रोजावर घेतलं होतं. तिला घरोघरी न्यायचं, आमच्या बोलीतलं तिला सांगायचं, तिच्या पुस्तकी मराठीतलं म्हाताऱ्यांना सांगायचं. बी.ए.चं दुसरं वर्ष मी अर्ध्यात सोडलंय. पण बोलायला डिग्री लागत नाही.

"गाव घाबरलेलं असेल ना गं, संगिता?" टमटममध्ये तिनं विचारलं.

"न्हाई ताई. गावाला सवय झालीय."

आमची उमरदरी डोंगरकड्याच्या वरच्या अंगाला. खाली गाव, वर माळावर तांडा. मी तांड्यावरची. आमच्याकडं कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतो. कधी दगडांचा टिप्पर रिता केल्यासारखा, कधी लांब कुठं सुरुंग उडाल्यासारखा. फळीवरची भांडी थरथरतात, कुत्री भुंकायची थांबतात, आणि माणसं हातातलं काम न सोडता म्हणतात, जमिनीचाच हाय. चहा पिणारा चहा पीत राहतो. पत्ते खेळणारा पान टाकतो. बाहेरचा माणूस असला तर त्याच्याकडं बघून थोडं हसतात.

माझा बाप वसराम हा ग्यानबा पाटलांकडं सालदार होता. दगड रचण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. भिंतीत बसवायच्या आधी प्रत्येक दगड हातोडीनं दोनदा ठोकायचा, कान द्यायचा, मग एकदा ठोकायचा. टक टक... टक. घरी आला की दारावरही तसंच. आम्ही लेकरं आतून ओरडायचो, कोणता दगड हाय रे बाहेर?

दोन वर्षांखाली पावसाळ्यात सकाळी मोठा धक्का बसला. त्याच पहाटे तो हैदराबादला बांधकामावर जायला निघाला होता. साल मधेच सोडतो म्हणून पाटलांशी त्याचं आदल्या दिवशी वाजलंही होतं. धक्क्यात गावकुसाला असलेलं पाटलांचं जुनं गोदाम बसलं. जाड मातीचं माळवद, सगळं खाली. माणूस दगावलं नाही म्हणून गावानं देवाला नारळ वाढवला. बापाचा फोन बंद लागायला लागला. पाटील म्हणाले, तो तर पहाटेच गेला. आमच्या तांड्याच्या नायकानंही मान डोलावली. माझी याडी, म्हणजे आई, पारुबाई, पोलिसांत जाते म्हणाली, तर नायक म्हणाला, "काहून बदनामी करून घेऊन राहिली? तिकडं दुसरं घर केलं असंल." एक माणूस दिसेनासा होतो आणि सगळे म्हातारे मिळून त्याला एक बायको देऊन टाकतात. इतकं सोपं. ढिगाऱ्यातून वास सुटला तेव्हा म्हणाले, शेरडं दबली असतील. शेरडं कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी मी कॉलेज सोडलं. याडी दाराला आतून कडी लावत नव्हती. पावसात दार आपटायचं, कुत्रं आत यायचं, तरी नाही. तो येईल, ठोकेल, आणि कडी असली तर माघारी जाईल, असं तिचं. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की तिला कोणीतरी एक काहीतरी सांगावं. आहे, किंवा नाही.

ताईचं काम सुरू झालं. पारावरचे म्हातारे एकजात एकच सांगायचे. आमचं गाव एका कुटुंबावानी हाय मॅडम, संकट आलं की सगळे धावत्यात. मी ते सांगताना ताईकडं न बघता जमिनीकडं बघायचे.

पाटलांच्या घरी मात्र आम्ही सुमनबाईजवळ बसलो. पाटलांची बायको. चुलीपुढं भाकरी थापत होती. हातात काचेच्या बांगड्या आणि उजव्या हातात चांदीचं एक जाड कडं, थापताना ते परातीच्या काठाला लागून टणकन वाजायचं.

"आवाज कसा असतो, मावशी?" ताईनं विचारलं.

"घरघर असती. पोटात गुडगुडल्यावानी." मग तिचे हात थांबले. तिनं ओसरीकडं बघितलं, पाटील नव्हते. "एकदा निराळा व्हता. त्या मोठ्या धक्क्यानंतर. ठोकल्यावानी. कोणी दार ठोकावं तसा... गोदामाच्या अंगानं यायचा. तीन-चार दिवस. हे म्हणले, जमिनीचाच हाय. सगळेच म्हणले. मी ऊद लावला, नारळ फोडला. मग मंदावला... मग बंद झाला."

ताई लिहीत होती. मी तव्याकडं बघत होते. भाकर जळत होती. सुमनबाईच्या तव्यावर भाकर जळालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढच्या आठवड्यात बचाव पथक आलं, तालीम घ्यायला. धक्का बसला आणि घर पडलं तर काय करायचं, ते गावाला करून दाखवणार होते. पथकाचा प्रमुख रविंद्र नावाचा तरणा माणूस. खराखुरा ढिगारा पाहिजे म्हणाला, पाटलांनी गोदामाचा देऊन टाकला. तालुक्याचे साहेब येणार होते, फोटो निघणार होते. ढिगाऱ्याखाली दबलेली माणसं कोण होणार, असं रविंद्रनं विचारलं आणि पारावरचे सगळे चिडीचूप झाले.

"सोंगाला बी मढं नको आमच्यात," एक म्हातारा पुटपुटला.

"मरायचं नाही आजोबा, नुसतं अडकायचंय."

"तांड्यावरची पोरं बोलवा," ग्यानबा पाटील म्हणाले. "त्यानला तेवढीच गंमत."

"तुमीच काहून न्हाई झोपत, पाटील? ढिगारा तर तुमचाच हाय," मी म्हणाले.

"लई शिकलीस व्हय गं तू?"

"न्हाई ना. अर्ध्यात सोडलं, म्हणून तर बोलून राहिले."

कोणीतरी फिस्सकन हसलं. पाटलांनी तोंड फिरवलं. शेवटी माझा चुलतभाऊ सुदाम आणि मी, असे दोघं तयार झालो. सुदामला पुढच्या कोपऱ्यात झोपवलं. मला आत, आडव्या पडलेल्या तुळईखालच्या पोकळीत. पथकानं आधीच टेकू लावून ती जागा बघून ठेवली होती. हातात एक दगड दिला. रविंद्र म्हणाला, "शिट्टी वाजली की सगळं गाव गप्प बसणार. ऐकायचं असेल तर आधी गप्प बसावं लागतं. तेव्हा तू ठोकायचंस." मग तोंडावर पोतं ओढलं.

आत अंधार. भर दुपार होती, पण तो अंधार दुपारचा नव्हता, तो तिथंच राहणारा होता. ओल्या पांढऱ्या मातीचा वास, कुजलेल्या लाकडाचा, घुशीचा, आणि त्या सगळ्याच्या खाली अजून एक, गोडसर, जुना. गालाला तुळई लागत होती, गार. बाहेरून पोरांचं खिदळणं येत होतं. पाटील कोणा साहेबाला सांगत होते, आमचं गाव एका कुटुंबावानी... केसांत माती झरली. मी डोळे मिटले, उघडले, फरक पडला नाही.

शिट्टी वाजली.

आणि गाव गप्प झालं. इतकी गप्प उमरदरी मी जन्मात ऐकली नव्हती. म्हातारे गप्प, पोरं गप्प, पाटील गप्प. मी दगड उचलला. अजून ठोकलाही नव्हता.

टक टक... टक.

माझ्या मागून. जिकडं पोकळी नव्हती, नुसती भरलेली माती होती, तिकडून.

"सुदाम," मी कुजबुजले, "गप ना... माझी पाळी हाय."

पुन्हा आलं. टक टक... टक. सावकाश. हात दमलेल्या माणसाचं ठोकणं असतं तसं. माझ्या हातातला दगड आपोआप तुळईवर गेला. टक टक... टक.

थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडून ठोके सुटले. ताल नाही, मोजमाप नाही, एकावर एक, घाईघाईनं... जसं कोणी फार, फार दिवसांनी कोणाचं तरी उत्तर ऐकलंय आणि आता ते निसटून जाईल म्हणून भितंय. माती माझ्या मानेवर पडत होती.

"बा...?"

ठोके थांबले. मग एकदाच, माझ्या गालाजवळच्या लाकडावर, अगदी हळूच... टक.

मला बाहेर ओढलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. सुदाम समोर उभा, हातात चहाचा कप.

"तू ठोकत व्हतास?"

"मी? मला तर शिट्टीच्या आधीच काढलं. साहेबाला फोटो पाहिजे व्हता."

मी रविंद्रला म्हणाले, आत माणूस आहे. तो हसला, तालीम संपली म्हणाला. मी परत आत शिरायला लागले तेव्हा त्याचं हसू गेलं.

"काही न्हाई साहेब," पाटील पुढं आले. "जमिनीचाच..."

बायांच्या घोळक्यातून सुमनबाई पुढं आली.

"जमीन असं ठोकत न्हाई," ती म्हणाली. "तवाबी मी ऐकलं. तुमीबी ऐकलं."

"सुमन, घरी जा."

"न्हाई जात."

रविंद्रनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा शिट्टी वाजवली. त्या शांततेत कोणाला काय ऐकू आलं, ते आजवर कोणी बोललेलं नाही. मी चेहरे बघत होते. पाटलांनी डोक्याची टोपी काढून खिशात घातली आणि पथकाची वाट न बघता, हातांनीच, दगड उचलायला लागले. मग सगळे.

दिवेलागणीला माझा बाप सापडला. भिंतीच्या आडोशाला, बसलेला. जे उरलं होतं ते बसलेलं होतं. हातोडी हाडांच्या शेजारी. हातोडी घ्यायलाच तो त्या पहाटे गोदामात परतला असणार. पोलीस आले, पंचनामा झाला. रविंद्र मात्र बराच वेळ बापाच्या पुढ्यातल्या दगडावर टॉर्च धरून बसला होता. काळा दगड, त्याला वाटीएवढा खोल खळगा पडलेला, गुळगुळीत.

"तीन-चार दिवसांत असा पडत नाही," तो मला हळू आवाजात म्हणाला. "असा पडायला वर्षं लागतात."

त्या रात्री याडीनं दाराला आतून कडी लावली.

मातीला सगळं गाव आलं. पाटील लांब, बाभळीखाली उभे होते. शेवटी माझ्याजवळ आले. "पोरी, आमाला खरंच वाटलं जमिनीचा हाय..." माफ करणं मला जमत नाही. पण तो खोटं बोलत नव्हता, हेही मला कळत होतं. त्यानं ऐकलं होतं, सगळ्यांनीच ऐकलं होतं. सवय कानाला आतून कडी लावते, आणि ती कडी एकट्या पाटलाच्या कानाला नव्हती.

ताई जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. रविंद्रनं शिट्टी मला देऊन टाकली. आता धक्का बसला की मी शिट्टी वाजवते आणि गाव गप्प बसतं. तांडाही. म्हातारेसुद्धा. नंतर घराघरातून हाक द्यायची, कोणी कमी आहे का ते बघायचं.

मागच्या आठवड्यात सुमनबाईनं निरोप धाडला. दिवसभर धक्का नव्हता. मी गेले तेव्हा अंधार पडायला लागला होता. पाटील ओसरीवर, गुडघ्यात डोकं घालून. सुमनबाईनं माझा दंड धरला आणि मला माजघराच्या दारात नेलं. त्यांचं घर भक्कम, जुनं, जाड माळवदाचं. भिंतीला एक तडा नाही. आत हळदीची पोती, कोपऱ्यात चूल, खुंटीवर दिवा. माणूस नाही.

"ऐक," ती म्हणाली.

मी ऐकलं. आवाज जमिनीतून येत नव्हता. खोलीतूनच येत होता, समोरून, पण दबलेला... मधे मातीचा ढीग असावा तसा. ढीग कुठं होता? समोर तर अजून मोकळी फरशी, दिव्याचा उजेड.

ठक... टण.

दगडामागून चांदीचा बारीक आवाज. ठक... टण.

सुमनबाई माझ्या शेजारी उभी होती. तिचा उजवा हात माझ्या दंडावर होता. कडं हलत नव्हतं.

"कोण हाय गं आत?" तिनं विचारलं. "समदं गाव मोजलं आमी. कोणीच कमी न्हाई. मग कोण ठोकून राहिलंय?"

ओसरीवरून पाटलांनी मान वर केली. लहान लेकरू बघतं तसे माझ्याकडं बघत होते.

"मावशी," मी म्हणाले, "आजपासून अंगणात झोपा. चूल पण अंगणात मांडा. आत पाऊल टाकू नका."

"ते मांडीन. पण हाय कोण, ते तर सांग..."

मी तिच्या कड्याकडं बघितलं. मग तिच्याकडं, मग वरच्या जाड माळवदाकडं.

"जमिनीचाच हाय, मावशी," मी म्हणाले.

आतलं ठोकणं थांबलं. कोणीतरी ते ऐकलं असावं तसं.