भीतीचा दर

पवनचक्की थांबवून पातं सरळ खाली आणलं की जवळून ते एखाद्या उंच पांढऱ्या भिंतीसारखं दिसतं. जमिनीपासून साठ मीटरवर जानू झोरे त्या भिंतीला दोन दोरांवर लटकून भेग घासत होता. एक दोर कामाचा, दुसरा राखणीचा. पहिला तुटला तरच दुसऱ्याची गरज. पात्याच्या पलीकडे रमजान मुजावर तसाच लटकत होता. पाटणच्या पठारावर दोघं अठरा वर्षं जोडीनं ही कामं घेत होते. कुणाचे नोकर नव्हते. दर ठरवायचा, काम करायचं, बिल द्यायचं.

"भाभीनं डब्यात काय दिलंय रं?" जानूनं विचारलं.

"खाली गेल्यावर कळंल. आत्ता सांगितलं तर भेग तशीच टाकून उतरशील."

दोघांच्याही मनगटावर एक राखाडी पट्टी होती. तिला भयमापक म्हणत. घामातले क्षार, नाडीचा वेग आणि भीती वाटली की रक्तात वाढणारं संप्रेरक, या तिन्हींवरून ती माणूस किती घाबरला आहे ते आकड्यात सांगे. आकडा फार चढला की वरचं यंत्र माणसाला आपोआप खाली उतरवी. दोन वर्षांपूर्वी सडावाघापूरच्या एका कारागिराला वर चक्कर आली, तेव्हा या पट्टीनंच त्याला वाचवलं होतं. म्हणून नव्या करारात तिचा उल्लेख आला, तेव्हा दोघांनी फारसं न वाचता मोबाइलवर अंगठा टेकवला.

त्या पात्याचे दोघांचेही पैसे आले ते पाव हिश्श्यानं कमी. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती : जोखीम जाणवल्याची नोंद नाही.

जानू पवनचक्की कंपनीच्या कार्यालयात गेला. बिलं तपासणाऱ्या देवस्थळी मॅडमनी पडद्यावर त्याचा आलेख दाखवला. जवळजवळ सपाट रेघ.

"झोरे, तुमच्या दरात जोखमीचा भाग आहे ना? तुम्हाला जोखीम वाटलीच नाही. घरी झोपाळ्यावर बसल्यासारखी नाडी आहे तुमची."

"मॅडम, अठरा वर्षं काढली तवा ही नाडी अशी झाली. पहिल्या वर्षी माझे पाय लटपटायचे. तवाचं काम तुम्ही बघितलं असतं तर मला हाकललं असतं."

"मला कळतंय. पण करारात हे मोजमाप तुम्ही मान्य केलंय."

"दर आधी ठरला हुता. काम झाल्यावर कसा कापता?"

मॅडमनी पाणी मागवलं. जानू ते न पिताच उठला.

स्वतंत्र कारागिरांसाठी कायदा होता. ठरलेला मोबदला काम झाल्यावर एकतर्फी कापता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. जानूनं कराडच्या लवादाकडे तक्रार केली. रमजान मात्र सहीला आला नाही.

"तू लढ. माझ्या आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. मी थांबू शकत न्हाई."

गंमत म्हणजे पुढच्या महिन्यापासून रमजानचे पैसे पूर्ण येऊ लागले. कसे, ते जानूला जानेवारीतल्या एका दुपारी कळलं. हत्यार मागायला तो पात्याच्या कडेवरून पलीकडे झुकला. रमजानचा राखणीचा दोर बाजूला नुसताच हेलकावत होता. रमजाननं तो कमरेपासून सोडला होता.

जानू ओरडला, "बांध. आधी बांध तो."

रमजाननं दोर अडकवला. त्याचा चेहरा घामानं निथळत होता.

"ही पट्टी भीतीचे पैसे देते, जानू. मला भीती वाटायची बंद झालीय. मग आणू कुठनं?"

"मेलास तर आईचं कोण बघंल?"

"तेच मनात आणतो. दोर सोडतो आणि आईचं तोंड आठवतो. आकडा लगेच चढतो. फार चढायला लागला की मनात आकडे मोजत बसतो, नायतर यंत्र खाली उतरवंल."

मार्चमध्ये सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलानं दोन आलेख शेजारी शेजारी लावले. एक जानूचा सपाट, दुसरा रमजानचा, सुळक्यांनी भरलेला. "तेच पातं, तीच उंची. एकाला जोखीम जाणवली, त्याला आम्ही पूर्ण मोबदला दिला. मोजमाप प्रामाणिक आहे."

लवाद-अधिकारी श्रीमती मोहोळकर जानूकडे वळल्या. "यावर काही म्हणायचंय?"

जानूला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोललं की ते मोजमाप कोसळणार होतं. पण राखणीच्या दोराशिवाय चढणाऱ्याचा परवाना कायमचा जातो. मागच्या बाकावर रमजान मान खाली घालून बसला होता.

"न्हाई," जानू म्हणाला. "काय म्हणायचं न्हाई."

मागचं बाक करकरलं.

"बाई, ती नोंद माझी हाय," रमजान उभा राहून म्हणाला. "मी एका दोरावर काम करत हुतो. म्हणून ते सुळके आलेत. चांगलं काम जानूनं केलंय. माझं घासणं तर वाकडं झालंय, जाऊन बघा."

निकाल जानूच्या बाजूनं लागला. कापलेली रक्कम व्याजासह द्यायची आणि भयमापक फक्त सुरक्षेपुरता वापरायचा, असा आदेश झाला. पठारावरच्या सगळ्याच कारागिरांना त्याचा फायदा झाला. रमजानचा परवाना मात्र त्याच कागदाच्या शेवटच्या परिच्छेदात रद्द झाला.

मे महिन्यात जानू आलेल्या पैशांतले निम्मे घेऊन त्याच्या घरी गेला. रमजान ओट्यावर बसला होता. त्यानं पाकीट हातात घेतलं नाही. तेवढ्यात वारा सुटला, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आणायला भाभीनं आतून हाक मारली. रमजान उठला. जिन्याच्या चार पायऱ्या चढला आणि कठड्याला धरून तिथंच थांबला. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. भाभी त्याच्या बाजूनं वर गेली.

जानूनं त्याला हाताला धरून खाली आणलं.

"ही भीती महिन्याभरात जाईल," जानू म्हणाला.

"दोन महिने झाले." रमजान आपल्या पायांकडे बघत होता. "मी रोज बोलावून आणायचो तिला, जानू. आता ती न बोलावता येती. तुझे पैसे वसूल करायला कायदा हुता. माझी गेलेली छाती मी कुणाकडनं वसूल करू?"