शिगेचं माप

"चाबी ठेवा टेबलावर, चंद्रभानजी! अन् निंगा इथून!"

दुर्गेशच्या ओरडण्याने पत्र्याच्या शेडमधली कबुतरं उडाली. दामिनीने आजोबांच्या हाताकडे पाहिले. चाबी धरलेला हात थरथरत होता. म्हातारपणी थरथरतो तेवढाच. पण दुर्गेशने तेही हेरलं.

"पाहा, पाहा हात! या हातानं हा माणूस बारूद मोजते! काल दुप्पट टाकली. रायफलचा दस्ता तडकला, मेंबरचा खांदा काळानिळा झाला. पाच वाजता कमिटी बसते. तुमचं नाव कटलं समजा!"

"माझे आबाजी असं करूच शकत नाहीत!" दामिनी ओरडली.

"तू चूप बस, पोट्टी!"

चाबी ठेवून आबाजी बाहेर पडले.

कन्हानच्या रस्त्यावरच्या या नेमबाजी क्लबात ते तीस वर्षे ठासणीची रायफल शिकवत होते. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वरून गोळी घालायची आणि गजाने ठासायची. बारूद जास्त झाली तर रायफल चालवणाऱ्यालाच लाथ मारते. म्हणून सगळा खेळ मापाचा. आणि दुर्गेश होता क्लबचा सेक्रेटरी.

नंदनवनला घरी पोचताच दामिनी आजोबांवरच चिडली. "तुम्ही बोलले काहून नाही?"

"काय बोलू? ती बारूद मी मोजलीच नव्हती. दुर्गेशनं एकेका गोळीपुरत्या नळकांड्या आधीच भरून ठेवल्या होत्या. म्हणे, घाई आहे. मी न तपासता वापरल्या. मंग चूक माझीच ना?"

"अर्धी!" साहिल म्हणाला. तो दामिनीचा मावसभाऊ, सुट्टीसाठी आलेला. "बाकीची अर्धी आम्ही शोधतो."

"काही शोधू नका! अन् बारूदले हात लावला तर तंगड्या तोडीन."

बारूद त्यांनी मुलांना कधी दिलीच नव्हती. मुलं शिकायची रव्यावर. डबा आजीचा. झाकणावर तिच्या हातचं 'रवा बारीक' अजून होतं. ती गेल्यापासून त्या रव्याचा शिरा कोणी केला नव्हता. पितळी मापात रवा ओतायचा, वरून खेळायच्या पत्त्यांतला एक पत्ता फिरवून सपाट करायचा. माप ठोकायचं नाही. ठोकलं की रवा दबतो आणि जास्त मावतो. साहिलच्या धाकट्या भावाने, अंकितने, एकदा माप ठोकलं होतं. आबाजींनी त्याच्याकडून पन्नास मापं भरून घेतली होती!

"आधी दुश्मनाले पाहून येऊ," साहिल म्हणाला.

दुर्गेशचं जरीपटक्याच्या बाजारात मुरमुऱ्याचं दुकान होतं. दारावर पाटी होती: 'दुर्गेशचं माप, शिगेचं माप!' दामिनी, साहिल आणि अंकित समोरच्या हातगाडीआड उभे राहिले. दुर्गेशने एका बाईसाठी मुरमुऱ्याचं माप भरलं, गल्ल्यावर ठक ठक आपटलं आणि वर चांगला ढीग उभा राहीपर्यंत ओतत राहिला.

"आपण शीग लावून देतो, ताई! सपाट माप कंजूष लोकांचं!"

अंकितने दामिनीचा हात घट्ट धरला. "ताई, त्यानं ठोकलं!"

"दोनदा. अन् वरून शीग," दामिनी म्हणाली. "नळकांड्याही अशाच भरल्या असतील!"

तेवढ्यात दुर्गेशने त्यांना पाहिले. "काय पाहून राहिले बे? चोरी कराले आले का?"

"मुरमुरे द्या ना काका, शीग लावून!" अंकित म्हणाला.

दुर्गेशने पाण्याचा तांब्या उचलला. तिघे पळत सुटले!

"तोंडावर बोललो तर तो कबूल करन का?" साहिल धापा टाकत म्हणाला.

"नाही. त्याच्याच हातानं करून घेऊ," दामिनी म्हणाली.

पाच वाजता कमिटीपुढे आबाजी मान खाली घालून बसले होते. दामिनी साहिल-अंकितला घेऊन आत शिरली आणि तिने टेबलावर रव्याचा डबा, पितळी माप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवला.

"पोट्ट्यांले कोणी आत सोडलं?" दुर्गेश उठला.

"बसा," अध्यक्ष शामलाबाई म्हणाल्या. "बोल गं."

"मॅडम, आबाजी गेले तर आम्हाला शिकवणार कोण? दुर्गेशकाका, नळकांड्या तुम्हीच भरल्या ना?"

"मीच! एकदम परफेक्ट!"

"मग रव्यावर एक माप दाखवा ना. तसंच."

दुर्गेशने बाह्या सारल्या. रवा ओतला. ठक! ठक! पुन्हा ओतला, शीग लावली. "हे पाहा. याले म्हणतात पूर्ण माप!"

काट्यावर भरला नऊ ग्रॅम.

"आता तुम्ही, आबाजी."

आबाजींचा हात थरथरला. रवा टेबलावर सांडला. दुर्गेश फिसकन हसला. आबाजींनी शांतपणे पत्ता फिरवला. सहा ग्रॅम. पुन्हा भरलं. सहा. तिसऱ्यांदाही सहाच!

शामलाबाईंनी कपाटातल्या उरलेल्या नळकांड्या मागवल्या, मुलांना बाहेर उभं केलं आणि आबाजींकडून प्रत्येकीची बारूद मोजून घेतली. प्रत्येक नळकांडी दीडपट!

"दुर्गेश, तुम्ही बारूद मुरमुऱ्यासारखी भरली!" त्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला. "कोणाचा डोळा गेला असता!"

"मी तं... कमी पडू नये म्हणून..."

"मॅडम," आबाजी उठले, "मी तपासल्या नाही, हेही लिहून घ्या."

"लिहिते. आणि चाबी उचला. हात थरथरतो तुमचा, माप नाही. मुलांनो, आत या! मोठ्यांनी बघायचं ते तुम्ही बघितलं. शाब्बास!" मग त्या दुर्गेशकडे वळल्या. "चंद्रभानजी हो म्हणेपर्यंत तुम्ही बारूदला हात लावायचा नाही."

रविवारी सकाळी नंदनवनच्या ओसरीत दुर्गेश तोंड फुगवून रव्याच्या डब्यासमोर बसला होता. त्याने माप भरलं. सवयीने हात वर गेला.

"ठोकू नका, काका!" अंकित ओरडला.

"गप बे!"

पण हात हळूच खाली आला. दुर्गेशने पत्ता उचलून फिरवला.

"तीन झाले," आबाजी म्हणाले. "सत्तेचाळीस बाकी."